उजेडात रंगवलेला नवरदेव

आधी तो चहाचा कप खाली ठेवा. मागं एकदा हे सांगत होते तेव्हा आमच्या शेजारणीला असा ठसका लागला, की चहा तिच्या नाकातनं आला आणि बोलणी मला बसली. ठेवला? हं. आता ऐका माझी फजिती.

बारामतीच्या बाजारात माझं मॅचिंग सेंटर आहे. अस्तर, फॉल, ब्लाऊजपीस, लेस, धागे. दुकान एवढंसं, पण नाव मोठं. कशामुळं? तर रंग! बाई पिशवीतनं साडी काढतीय न काढतीय तोवर मी गठ्ठ्यातनं बरोबर तोच पीस ओढलेला असतो. राणी कुठं संपतो आणि गुलबक्षी कुठं सुरू होतो, हे मला झोपेतनं उठवून विचारा.

आणि माझा एक नियम आहे. आत ट्यूबलाइटखाली रंग ठरवायचा नाही. गिऱ्हाइकाला हाताला धरून बाहेर पायरीवर न्यायचं, साडी आणि पीस भर उन्हात शेजारी शेजारी धरायचे. "उजेडात बघा बाई, उजेडात! आत रंग फसवतो." दिवसभर माझं हेच चालू. आमच्या ह्यांचं म्हणणं आहे, की मी घोरताना सुद्धा हेच म्हणते.

तर ह्या माझ्या नामांकित नजरेनं माझ्याच सख्ख्या भाच्याचं लग्न मोडायला घेतलं होतं!

अमोल म्हणजे माझ्या भावाचा मुलगा. कोऱ्हाळे बुद्रुकला घर, ऊस, ट्रॅक्टर. पोरगा असा, की सुपारीच्या खांडाचं व्यसन नाही. कामाला वाघ. पण लग्न जमेना! पोरीकडचे यायचे, पोहे खायचे, ऊस बघायचे, "लई छान हाय, लई छान हाय" म्हणायचे, आणि गाडीत बसता बसता विचारायचे, "पुण्याला एखादी नोकरी बघायचा विचार न्हाय का पोराचा?" झालं. परत फोन म्हणून नाही.

मग इंदापूर तालुक्यातनं, शेळगावचं स्थळ आलं. मुलगी कोमल. शेतकीचं शिकलेली, वडलांबरोबर उसाच्या रोपांची नर्सरी चालवणारी. आणि तिनं स्वतः सांगितलेलं, नवरा शेतकरीच पाहिजे. अहो, आमच्या घरात तर दिवाळी! फक्त त्यांनी आधी फोटो मागितला होता.

अमोल मला म्हणाला, "आत्या, हे जर न्हाय जमलं ना, तर माझा विषय बंद. परत कुणापुढं नटून बसायचं बळ न्हाय मला." हसत म्हणाला, पण डोळे काही हसत नव्हते त्याचे. अंगाखांद्यावर खेळवलेलं पोर ते! म्हटलं, "तू फोटो पाठव. पुढचं मी बघते."

आणि मी बघितलं. तिथंच घोटाळा झाला.

त्यानं फोटो पाठवला. बांधावर, ट्रॅक्टरला टेकून उभा, मागं ऊस. मी फोन हातात घेतला आणि सवयीनं कुठं आले? पायरीवर! भर दुपारच्या उन्हात! बघते तर काय, पोराचा चेहरा पांढुरका, शर्ट पांढुरका, ऊस पांढुरका. सगळा फोटोच कसा, दहा पाण्यातनं काढलेल्या पातळासारखा. म्हटलं, हा फोटो बघून कोण पोरगी देईल?

आता मला एडिटिंग येतं बरं का. नातीनं शिकवलंय. फोटोच्या खाली एक पट्टी असते, सॅच्युरेशन म्हणतात तिला. उजवीकडं सरकवली की रंग चढतो. मी जरा सरकवली. काही फरक दिसेना. आणखी सरकवली. छे! मग पार टोकाला नेली, पुढं जाईना तिथवर. हं, आता कुठं पोराच्या तोंडावर जरा तुकतुकी आली.

लगेच घरच्या ग्रुपवर टाकला. आमचे हे आत गल्ल्यावर बसले होते. त्यांनी त्यांच्या फोनवर बघितला आणि म्हणाले, "अगं, रंग जरा जास्त झालाय का? कमी कर की."

"तुम्हाला पोपटी आणि हिरवा शेजारी ठेवला तरी कळत नाही," मी म्हटलं. "तुम्ही गल्ला सांभाळा."

"आत येऊन तरी बघ एकदा."

"आत? ट्यूबलाइटखाली?"

बिचारे परत नोटा मोजायला लागले. पस्तीस वर्षांच्या संसारात माणूस बरंच काही शिकतो.

ग्रुपवर सगळ्यांनी अंगठे दिले. माझ्या भावानं 'छान' लिहिलं. अमोलनं नुसते हात जोडले. मला वाटलं, पोरगं भारावलंय! तो फोटो बायोडाटावर चिकटवला, खाली 'संपर्क : आत्या', माझा नंबर आणि दुकानाचा पत्ता टाकला, आणि दिला शेळगावला पाठवून. आता तुम्ही विचाराल, नंतर एकदाही सावलीत बघितला नाहीस? कधी बघणार? घरी गेलं की चष्मा कपाटावर आणि फोन नातीच्या हातात.

शेळगावचा फोन येईना. आठवडा गेला, नाही. अमोल काही विचारायचा नाही, पण रोज सकाळी मला 'शुभ सकाळ' पाठवायला लागला. जन्मात कधी पाठवलं नव्हतं त्यानं. मला सगळं कळत होतं.

आणि एका दुपारी दुकानात दोन बाया आल्या. एक माझ्याच वयाची, ठसठशीत कुंकू, हातात आमसुली साडी. दुसरी तरुण, तोंडाला स्कार्फ बांधलेला, नुसते डोळे दिसत होते. "माझ्या जावंची पोरगी हाय," थोरलीनं सांगितलं. "गाडी चालवाय आणलीय."

मी त्यांना पायरीवर नेलं, उजेडात आमसुलीला आमसुली लावून दिला, परत आत आणलं. थोरली एकदम खूश. "काय नजर हाय हो तुमची! रंगातलं लईच कळतं तुमाला."

आता एवढं म्हटल्यावर मी काय जमिनीवर राहते? "अहो, रंगावरनं माणूस सांगते मी!"

"व्हय?" ती स्टुलावर सरकून बसली. "मग एक काम करा की. आमच्या पोरीला एक स्थळ आलंय. फोटोवरनं जरा सांगा बरं, पोरगा कसा हाय."

तिनं स्कार्फवालीकडं हात केला. त्या पोरीनं फोन काढला, फोटो बोटांनी असा ताणून मोठा केला, की पडद्यावर नुसते डोळे, नाक आणि तोंड. मी चष्मा चढवला. दुकानात सावली, फोन नवा कोरा, लखलखीत. आणि मी बघितलं.

अगं आई गं! डोळे लालभडक! नाकाचा शेंडा लाल. गाल तांबडे. ओठ असे, की आत्ता विडा खाऊन पिचकारी मारून आलाय. आणि दात? हळदीत बुडवलेले.

"बाई," मी म्हटलं, "तुम्हाला पोरगी जड झालीय का?"

"का हो?"

"अहो, हे डोळे बघा! हा पितो. आणि थोडीथोडकी नाही, सकाळपासनं! दात बघा, मावा खातो. हा फोटो काढायच्या वेळी सुद्धा शुद्धीत नसणार. पडू नये म्हणून कशाला तरी टेकलेला असेल बघा!"

"टेकलेला हायच की," थोरली म्हणाली.

"बघा! मी म्हटलं नव्हतं?"

स्कार्फवालीनं फोटो जरा बाजूला सरकवला. "आणि हा मागचा ऊस?" तिनं विचारलं.

मी ऊस बघितला. काळाशार हिरवा. असला हिरवा माझ्या दुकानात सुद्धा नाही. "हा तर युरिया ओतलाय नुसता! असा ऊस वरनं दिसतो झोकात, पण जरा वारं सुटलं की आडवा. ह्या घरात दाखवायचं एक आणि असायचं एक, असं काम आहे. मला नका शिकवू, मी उसातच वाढलेय. माहेर माझं कोऱ्हाळ्याचं!"

"व्हय का?" थोरली शांतपणे म्हणाली. "हे स्थळ बी कोऱ्हाळ्याचंच हाय."

"कोऱ्हाळ्याचं? कुणाच्यातला हा बेवडा? आमच्या गावात असलं कुणी..."

स्कार्फवालीनं दोन बोटांनी फोटो बारीक केला.

ट्रॅक्टर दिसला. ट्रॅक्टरच्या आरशाला बांधलेली सोनेरी लेस दिसली. ती लेस माझ्या दुकानातली. दसऱ्याला मीच बांधलेली. मग शर्ट दिसला. मी दिवाळीला घेतलेला आकाशी शर्ट, फोटोत शाईच्या दौतीत बुडवून काढलेला. आणि सगळ्यात खाली, ठळक अक्षरात, 'संपर्क : आत्या'.

माझ्या हातातनं फॉलचं बंडल खाली पडलं आणि उलगडत उलगडत पार गल्ल्यापर्यंत गेलं. आमच्या ह्यांनी ते उचललं, एकदा माझ्याकडं बघितलं, आणि परत गुंडाळायला लागले. तेच जास्त झोंबलं.

"मी शेळगावची," थोरली म्हणाली. "कोमलची आई. म्हटलं फोनवर नकार देण्यापरीस एकदा जाऊन चौकशी करावी. झाली चौकशी! सख्खी आत्याच सांगतीय म्हटल्यावर आता दुसऱ्या कुणाला काय इचारायचं?"

"अहो नाही हो! तो पीत नाही! सुपारी सुद्धा खात नाही!"

"आत्ता तर म्हणालात, सकाळपासनं पितो."

"ते फोटोतला! म्हणजे फोटोतला पण नाही! अहो, रंग मी चढवलाय!"

"का?"

मी त्यांना दंडाला धरून पायरीवर ओढलं. "उजेडात बघा! उजेडात!" आणि खरंच सांगते, उन्हात फोन धरल्यावर तोच फोटो एकदम झकास दिसला! डोळे पांढरे, दात पांढरे, पोरगा राजबिंडा! तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कापड उन्हात खरं दिसतं, पण फोनची काच उन्हात फिकी पडते. मी उन्हात उभी राहून फिका फोटो रंगवत बसले होते, आणि सावलीत बघणाऱ्या अख्ख्या जगाला तो बेवडा दिसत होता!

"बघा, किती छान दिसतोय," मी म्हटलं.

"दिसतोय की," कोमलची आई म्हणाली. "पण जावई काय जन्मभर पायरीवर उन्हातच उभा करायचा?"

मी धावत आत गेले, मूळ फोटो शोधून दाखवला. दोघी एकदा ह्याकडं बघतात, एकदा त्याकडं. "आता ह्यातला खरा कुठला?" आई म्हणाली. "ह्यात रंग काढला न्हाय कशावरनं?" मला रडू यायला लागलं हो. पोराचं तोंड डोळ्यापुढं आलं. ते रोजचं 'शुभ सकाळ' आठवलं. म्हटलं, "ताई, मला काय शिक्षा द्यायची ती द्या. दुकानाला कुलूप लावते म्हणा. पण माझ्या पापाचा भोग त्या लेकराला नको. लई सरळ पोरगं आहे ते."

तेव्हा ती स्कार्फवाली बोलली. "खरा कुठला ते तिथं जाऊनच बघू. आत्ताच्या आत्ता. कोऱ्हाळं काय लांब न्हाय."

मी पटकन फोन उचलला, अमोलला कळवायला. तिनं अलगद माझ्या हातातनं काढून घेतला. "फोन नको, आत्या. न्हायतर आमी पोचायच्या आत तितं बी रंग देऊन व्हईल."

त्या गडबडीत ती मला आत्या म्हणाली, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

गाडीत मागच्या सीटवर मी जे काही बसले होते! कोर्टात नेतात ना आरोपीला, तशी. देवाला म्हटलं, देवा, पोरानं निदान दाढी केलेली असू दे.

केली नव्हती. आम्ही शेतावर पोचलो तेव्हा अमोल गुडघाभर चिखलात, हातात फावडं, अंगात भोकाचं बनियन. मी कोमलच्या आईच्या पाठीमागनं त्याला डोळ्यांनी खुणावतेय, कपाळाला हात लावतेय, पदराकडं बोट दाखवतेय. तो आपला, "आत्या, डोळ्यात काय गेलं का?"

"बेणं बघाय आलोय," कोमलची आई म्हणाली. "ह्या बाई म्हणल्या, तुमचा ऊस झ्याक हाय. लावायला देता का?"

मी मनात म्हटलं, अमोल्या, हो म्हण. दाखव तुझा ऊस.

त्यानं फावडं टेकवलं. "आत्या म्हणणारच," तो म्हणाला. "पण मावशी, ह्यो ऊस बेण्याला नेऊ नका. पिवळा पडलाय बघा. ह्या अंगाला पाणी साचलं, मुळ्या गुदमरल्या. चर काढायला उशीर मीच केला, म्हणून तर आता खांदतोय. बेणं पायजे तर पलीकडं शेजारच्या आबांच्यात बघा, त्यांचं झ्याक हाय. मी येतो संगं, ते जादा सांगाय लागले तर बोलतो."

मी ऊस बघितला. खरंच पिवळा! माझ्या त्या पट्टीनं पोराचे डोळे लाल केले आणि उसात उरलासुरला हिरवा तेवढा चढवून पिवळेपणा झाकून ठेवला होता. कोमलची आई मात्र उसाकडं बघतच नव्हती. ती अमोलच्या डोळ्यांकडं बघत होती. स्वच्छ पांढरे डोळे, चिखलाचा एक शिंतोडा भुवईवर.

स्कार्फवालीनं स्कार्फ सोडला. "फोटोत तर हिरवागार हुता."

अमोलनं तिच्याकडं बघितलं आणि त्याच्या हातातनं फावडंच पडलं. बायोडाटातला तिचा फोटो त्यानं किती वेळा बघितला असेल ते त्यालाच माहिती. कोमल! जावेची पोरगी म्हणे! अहो, स्वतः नवरीच गाडी चालवत आली होती!

"तो फोटो..." अमोल चाचरला. "तो माझा न्हाय. म्हणजे माझाच हाय, पण आत्यानं रंगवलाय."

"मग मला सांगितलं का नाहीस मेल्या?" मी ओरडले. "ग्रुपवर हात जोडलेस ते?"

"तू एवढ्या हौसेनं केलेलास," तो खाली बघत म्हणाला. "तुझं मन मोडू वाटंना. म्हणलं, जाऊ दे. जमलं तर जमलं."

मला भरून आलं. स्वतःचं लग्न मोडू दिलं असतं त्यानं, पण आत्याचं मन नाही! कोमलच्या आईनं पदर नाकाला लावला. कोमलनं चपला काढल्या आणि ती सरळ चिखलात उतरली, पिवळं पान हातात घेऊन बघायला. मग ती दोघं चराच्या कडंनं बोलत बोलत पार टोकापर्यंत गेली. आम्ही दोघी बांधावर उभ्या. परत आली तेव्हा कोमल म्हणाली, "आई, ह्या उसाचं काय करायचं ते ठरलंय आमचं."

'आमचं' म्हणाली बरं का! मी आणि तिच्या आईनं एकमेकींकडं बघितलं. झालं, जमलं!

मग घरी चहा झाला. माझा भाऊ, वहिनी, सगळे बसलेले. माझा जीव भांड्यात पडलेला, मी जरा ऐसपैस टेकले. म्हटलं, आता मिटलं सगळं. तेवढ्यात कोमलची आई बशी खाली ठेवत म्हणाली, "एक इचारू का? रागावणार न्हाय ना? तुमच्या स्टेटसवरचं बाकीचं फोटो बी तुमीच रंगवलंत का?"

"हो. का?"

"न्हाय, आमी आठवडाभर बघत हुतो. मुंजीतलं, बारशातलं, देवदर्शनाचं. सगळ्यांचं डोळं लाल! आमाला वाटलं, अख्खं घरच पितं. आणि तुमचा तो डीपी! आमच्या मालकांनी बघितला आणि म्हणाले, अगं, पोराचं जाऊ दे, ह्या बाईची सोडवायला कुणी न्हाय का?"

घर नुसतं हसतंय! भाऊ लोळतोय, वहिनीला उभं राहवेना, अमोल तोंडावर टॉवेल धरून बाहेर पळाला. आणि मी? कानापासून मानेपर्यंत अशी पेटले, की कुठं तोंड लपवू ते कळेना. नेमका तेवढ्यात कोमलनं माझा फोन माझ्यावरच रोखला आणि खटकन फोटो काढला.

"आत्या," ती फोन माझ्या हातात देत म्हणाली, "ह्याला हात लावायचा न्हाय. हाय तस्साच घरच्या ग्रुपवर टाकायचा."

होणाऱ्या सुनेची पहिलीच आज्ञा, मोडणार कशी? आयुष्यात पहिल्यांदा मी एक फोटो पट्टीला बोट न लावता पाठवला.

लगेच दुकानातनं आमच्या ह्यांचं उत्तर आलं.

"अगं, किती वेळा सांगायचं तुला? रंग जरा कमी कर!"